बाळाची पाण्याशी पहिली ओळख

वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : आमचा मुलगा पुढच्या आठवड्यात सात महिन्यांचा होईल. आमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. तो उघड्यावर असून त्याचे पाणी तापवलेले नसते. यजमानांना बाळाला पाण्यात न्यायची फार हौस आहे. सासूबाई म्हणतात की टाळू भरलेली नाही तोवर तलावाचे नाव काढू नये, सर्दी छातीत उतरेल. मला स्वतःला पोहता येत नाही. बाळाला पाण्यात न्यावे का, आणि न्यायचे तर कसे?
— एक आई, पुणे

उत्तर : न्यायला हरकत नाही, मात्र तुमच्या तलावात आज न्यावे की नाही, हे पाण्यात तापमापक बुडवल्याशिवाय सांगता येणार नाही. सासूबाईंची काळजी रास्त आहे, कारण मात्र त्या समजतात ते नाही. टाळूवरचा पडदा चिवट असतो, आणि रोजच्या न्हाणीत त्यावर तांब्याने पाणी पडतच असते. तलावाच्या पाण्याने तिला काही होत नाही. पुढची टाळू भरायला साधारण १२ ते १८ महिने लागतात, तितके थांबण्याची आवश्यकता नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, ती पाण्यामुळे होत नाही. खरी भीती बाळाच्या अंगातली ऊब निघून जाण्याची आहे. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. त्यातच बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे आणि त्वचेखालची चरबी पातळ असते. त्यामुळे ज्या पाण्यात तुमच्या यजमानांना प्रसन्न वाटेल, त्याच पाण्यात बाळ काही मिनिटांत गार पडू शकते.

सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी पाणी निदान ३२ अंश सेल्सिअस असावे. सात-आठ महिन्यांच्या निरोगी, चांगल्या वजनाच्या बाळाला ३० अंशांच्या पाण्यात पहिल्या दिवशी दहा मिनिटे नेण्यास माझी ना नाही. मोठ्यांच्या पोहण्याच्या तलावांत पाणी बहुधा २६ ते २८ अंश ठेवतात, आणि तुमच्या तलावासारख्या न तापवलेल्या, उघड्या तलावात ते ऋतूप्रमाणे बदलत राहते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत, दिवसभर तापलेल्या पाण्यात, ऊन उतरल्यावर साडेपाचच्या सुमारास जाणे हीच त्यातल्या त्यात योग्य वेळ होय. दिवाळीनंतर होळीपर्यंत त्या तलावाचा विचार करू नये. बाळाच्या न्हाणीसाठी मिळणारा साधा तापमापक विकत घ्यावा आणि अंदाजावर विसंबू नये, कारण मोठ्या माणसाच्या हाताला २७ अंशांचे पाणीही ‘तसे कोमटच’ वाटते.

एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगते. थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्या थरथरीतून ऊब तयार होते. लहान बाळाला असे कुडकुडता येत नाही. ते मानेभोवती आणि खांद्यांच्या मध्ये साठवलेली एक विशेष प्रकारची चरबी जाळून ऊब तयार करते, आणि तो साठा थोडा असतो. त्यामुळे ‘बाळ कुडकुडत नाही, म्हणजे त्याला थंडी वाजत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. त्याऐवजी त्याच्या ओठांकडे, नखांकडे आणि त्वचेकडे पाहावे. ओठ निळसर होऊ लागले, हातापायांवर जाळीसारखी नक्षी उमटली, किंवा आतापर्यंत पाय मारणारे बाळ एकाएकी शांत झाले, तर लगेच बाहेर यावे. हे शांत होणे पालकांना ‘आता रमला’ असे वाटते, आणि तेथेच चूक होते.

पाण्याच्या स्वच्छतेची चौकशी सोसायटीच्या व्यवस्थापकाकडे संकोच न करता करावी. नीट निगा राखलेल्या तलावात मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम आणि पाण्याचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच आकडा) ७.२ ते ७.८ यांदरम्यान असतो, आणि रोजच्या मोजणीची नोंदवही ठेवलेली असते; ती पाहायला मागावी. तलावाजवळ जाताच ज्या उग्र वासाने डोळे चुरचुरतात, तो वास स्वच्छतेचा आहे असे लोक मानतात. वस्तुतः तो क्लोरीनचा घाम आणि लघवी यांच्याशी संयोग होऊन तयार झालेल्या द्रव्यांचा वास असतो. असा वास येत असेल, किंवा तलावाचा तळ स्पष्ट दिसत नसेल, त्या दिवशी परत फिरावे.

जे आपण इतरांकडून मागतो, ते आपल्यालाही पाळावे लागते. बाळाला नेहमीचा डायपर घालून पाण्यात नेऊ नये. तो पाणी शोषून फुगतो आणि जड होतो. पोहण्यासाठीचा वेगळा, घट्ट बसणारा डायपर मिळतो. त्याने शी काही वेळ अडून राहते, जंतू मात्र अडत नाहीत, म्हणून शी झाल्याचा संशय येताच बाहेर यावे आणि डायपर तलावाच्या काठावर न बदलता न्हाणीघरात बदलावा. बाळाला जुलाब होत असतील तर ते थांबल्यावरही निदान दोन दिवस पाण्यात नेऊ नये. बहुतेक जीवाणू क्लोरीनने काही मिनिटांत मरतात. पण जुलाबांना कारण होणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य प्रमाणात क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक काळ तग धरतो, आणि ज्या बाळाच्या जुलाबांचे निदान या परजीवीचे झाले असेल त्याला बरे झाल्यावर दोन आठवडे तलावापासून दूर ठेवावे.

आपल्या घरांतली मालिशीची पद्धत मला फार प्रिय आहे, परंतु तलावाच्या दिवशी ती पाण्यानंतर करावी. तेल लावलेले ओले बाळ हातातून निसटते. बाळंतिणीच्या घरी येऊन न्हाऊ घालणाऱ्या बाई बाळाला पसरलेल्या पायांवर पालथे घेतात त्यामागे हेही एक कारण असावे, असे मला नेहमी वाटते. पाण्यात तशी पायांची घडवंची नसते, केवळ हात असतात. कानात आणि नाकात तर तेल कधीच घालू नये, तलावाच्या दिवशी नाही आणि इतर दिवशीही नाही. पाण्यातून आल्यावर कानाची बाहेरची बाजू मऊ पंचाने टिपली की पुरते.

आता प्रत्यक्ष पाण्यात उतरण्याविषयी. आधी आठ-दहा दिवस घरी मोठ्या टबात कोपराला कोमट लागेल असे, साधारण ३६-३७ अंशांचे पाणी घेऊन बाळाला त्यात बसवावे, छातीवर आणि मागून खांद्यांवर हळूहळू पाणी सोडावे, पाण्यावर हात आपटू द्यावेत. तलावावर जाताना बाळाची झोप झालेली असावी. भूक लागलेली नसावी आणि पोटही तुडुंब नसावे, म्हणून दूध किंवा खाणे होऊन अर्धा-पाऊण तास गेलेला बरा. बाळाला कडेवर घेऊन शिडीने कधीही उतरू नये. एकाने आधी पाण्यात उतरून स्थिर उभे राहावे आणि दुसऱ्याने काठावर बसून बाळ त्याच्या हातात द्यावे. बाळाचे तोंड आपल्याकडे असावे, दोन्ही हात त्याच्या काखांखाली असावेत, आणि आपण गुडघ्यांत वाकून आपला चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर आणावा. बाळाचे खांदे पाण्याखाली राहू द्यावेत, कारण ओले अंग वाऱ्यावर उघडे राहिले की अधिक गार पडते. मग मागे मागे चालत सावकाश पाण्यातून ओढल्यासारखे न्यावे आणि रोजचे बडबडगीत म्हणावे. अनोळखी जागेत आवाज तरी ओळखीचा असतो. रडू लागले तर छातीशी धरावे, आणि तरीही रडणे थांबले नाही तर त्या दिवशी घरी जावे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, पुढे वीस, आणि वर्षाच्या आत कोणत्याही परिस्थितीत अर्ध्या तासाहून अधिक नाही.

तुम्हांला पोहता येत नाही, ही अडचण आहे, पण अडथळा नाही. उथळ भागात, तुमच्या कमरेइतक्या पाण्यात, पाय तळाला घट्ट टेकलेले असतील आणि पोहता येणारी दुसरी व्यक्ती हाताच्या अंतरावर असेल, तर तुम्ही बाळाला अवश्य घ्यावे. यजमानांच्या हौसेत तुमचाही वाटा असू द्या. बाहेर आल्यावर बाळाला आधी पंचात गुंडाळावे, मग कोमट साध्या पाण्याने अंग धुवावे, टोपडे घालावे आणि दूध द्यावे. पाण्यातून आलेल्या बाळाला भूक सडकून लागते आणि झोपही गाढ लागते. सासूबाईंना ती झोप दिसली की अर्धा विरोध मावळेल.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपासून ब्रिटनमध्ये राहतो. मुलगी दहा आठवड्यांची आहे. येथील परिचारिकेने सांगितले की लसी पूर्ण होण्याची वाट न पाहता बाळाला पोहायला न्या. बाळंतपणासाठी सांगलीहून आलेली माझी आई हे ऐकून हादरली आहे. मुलीच्या दंडावर बीसीजीची पुळी आलेली आहे आणि माझे सिझेरियन झाले आहे.
— एक वाचक, लंडन

उत्तर : परिचारिकेने सांगितले ते तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या अधिकृत सल्ल्याला धरून आहे. लसींच्या आधी किंवा नंतर, केव्हाही बाळाला तलावात नेता येते, कारण ज्या आजारांवर या लसी देतात ते क्लोरीनयुक्त तलावाच्या पाण्यामुळे होण्याची शक्यता अगदी कमी असते. तुमच्या आईच्या पिढीची भीती निराधार नव्हती. पोलिओचा विषाणू विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, आणि १९५५ मध्ये लस येण्यापूर्वी अमेरिकेत साथीच्या उन्हाळ्यांत पोहण्याचे तलाव बंद ठेवत असत. भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र २०१४ मध्ये मिळाले. म्हणजे ही भीती आपल्या घरांत कालपरवापर्यंत जिवंत होती. आईंना हे समजावून सांगावे, त्यांना अडाणी ठरवू नये.

तुमच्या मुलीला बीसीजी मिळाली, कारण ब्रिटनमध्ये ती सरसकट न देता क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांतून आलेल्या आई-वडिलांच्या बाळांना देतात. लस दिल्यावर काही आठवड्यांनी दंडावर पुळी येते, ती फुटून वाहते, खपली धरते आणि तिचा वण राहतो. हे अपेक्षितच आहे. रोजच्या आंघोळीत ती जागा भिजली तरी बिघडत नाही. मात्र ती पुळी वाहत असताना बाळाला सार्वजनिक तलावात नेऊ नये, खपली सुकेपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे. त्यावर चिकटपट्टी लावून नेण्याचा उपाय करू नये. ओली पट्टी जखम मऊ पाडते.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत मी अधिक आग्रही आहे. सिझेरियननंतर सहा आठवड्यांची तपासणी होऊन टाके पूर्ण भरल्याचे डॉक्टरांनी सांगितलेले असावे आणि अंगावरून जाणे थांबलेले असावे. या दोन्ही गोष्टी झाल्या असतील तर तुम्ही उतरावे, नाहीतर या फेरीला बाळाच्या वडिलांना उतरू द्यावे. दहा आठवड्यांच्या बाळाची मान अजून धरलेली नसते, म्हणून एक हात सतत डोक्याखाली हवा आणि पाणी ३२ अंशांचे हवे. तेथील अनेक केंद्रांत बाळांसाठी गरम पाण्याचा वेगळा छोटा तलाव असतो. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून तापमान विचारावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असेल, किंवा इसबाने त्वचा चिरलेली असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

प्रश्न : समाजमाध्यमांवर चार-पाच महिन्यांची बाळे पाण्यात बुडवल्यावर आपोआप पोहताना दिसतात. आमच्या भागात एक वर्ग सुरू झाला असून, वर्षाच्या आतील बाळ पाण्यात पडल्यास स्वतःचा जीव वाचवायला शिकेल, असे ते सांगतात. शुल्क बरेच आहे. मुलगा पाच महिन्यांचा आहे, घालावे का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : या दाव्यापोटी पैसे भरू नयेत, आणि कोणी तुमच्या बाळाचे डोके पाण्याखाली नेत असेल तर त्याला तेथेच थांबवावे.

चित्रफितीत दिसते ते खोटे नसते, पण त्याला पोहणे म्हणता येणार नाही. चेहऱ्यावर पाणी आले की तान्ह्या बाळाचा श्वास क्षणभर आवळला जातो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि हातपाय तालात हलतात. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अमेरिकेतील संशोधक मर्टल मॅक्ग्रॉ यांनी १९३९ मध्येच बाळांच्या या हालचालींचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्यात, पहिल्या काही महिन्यांनंतर ही तालबद्धता मोडते, बाळ धडपडते, पाणी गिळते आणि खोकते, असेही त्यांनी नोंदवले होते. म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाला ही क्रिया ओसरू लागलेली असते, आणि ती पूर्ण असतानाही बाळाला श्वास घेण्यासाठी डोके पाण्याबाहेर उचलता येत नाही. श्वास घेता येत नसेल तर ‘जीव वाचवणे’ कशाला म्हणायचे?

वारंवार बुडवण्यात आणखी एक धोका आहे. बाळ प्रत्येक वेळी थोडे पाणी गिळते. त्याची मूत्रपिंडे अजून कच्ची असल्याने जास्तीचे पाणी लवकर बाहेर टाकले जात नाही, रक्तातील सोडियम पातळ होते, आणि काही तासांनी उलट्या, गुंगी, क्वचित झटकेही येऊ शकतात. पाण्यातून आलेले बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटले, उठवूनही नीट जागे होत नसेल, तर ‘दमला असेल’ असे न मानता रुग्णालयात न्यावे आणि पाणी प्यायल्याचे आवर्जून सांगावे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची भूमिका मला पटते. एक वर्षानंतर, विशेषतः १ ते ४ वर्षांच्या वयात, पोहण्याच्या शिक्षणाने बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो. वर्षाच्या आतील शिकवण्यांनी तो कमी होतो, याला पुरावा नाही. मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या आमच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, वडिलांच्या हाताखाली शिकले तेव्हा सहा वर्षांची होते. मुलाला सांगितलेले कळू लागल्यावरच त्याला पाण्यात सोडायचे, हा आपल्या गावांतला नियम जाणत्या माणसांनी केलेला होता. पाच महिन्यांच्या मुलाला तुमच्या हातांत राहून पाण्याची गोडी लागली, इतकेच या वयात साधायचे असते, आणि त्याला वर्ग लागत नाही.

अशा दाव्यांची मला खरी चीड येते ती आणखी एका कारणासाठी : ते पालकांना निश्चिंत करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. रांगू लागलेल्या, धरून उभ्या राहणाऱ्या बाळाला तलावाइतकाच धोका मोरीतल्या भरलेल्या बादलीचा असतो. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीच्या काठाला धरून ते आत वाकले की तोल डोक्याकडे जातो, हातांत वर उठण्याची ताकद नसते, आणि तोंड पाण्यात असल्यामुळे आवाजही होत नाही. टंचाईच्या दिवसांत आपण घरभर पाणी भरून ठेवतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. बादल्या पालथ्या ठेवाव्यात, पिंपांना घट्ट झाकणे असावीत, मोरीच्या दाराला बाहेरून वर कडी असावी. त्या शुल्काऐवजी दोघांनी मिळून बाळाला कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घ्यावे. बुडालेल्या मुलाला उलटे टांगून किंवा गरगर फिरवून पाणी काढण्याची पद्धत अजूनही दिसते; तिने पाणी निघत नाही, श्वास देण्याची मोलाची मिनिटे मात्र जातात. एकाने श्वास द्यायला लागावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : नात अकरा महिन्यांची आहे. आम्ही कुटुंबासह वज्रेश्वरीला जाणार आहोत. तेथील गरम पाण्याच्या कुंडात तिला पहिल्यांदा पाण्यात उतरवावे, अशी माझी इच्छा आहे. तिच्यासाठी गळ्याभोवती बसणारे हवेचे कडेही आणले आहे. पाणी गरम असल्याने सर्दीची भीती राहणार नाही ना?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : आपली हौस मनाला भिडली, तरीही दोन्ही गोष्टींना मला नकार द्यावा लागतो. गार पाण्यात बाळ जसे लवकर गार पडते, तसेच गरम पाण्यात ते लवकर तापते, आणि पाण्यात बुडालेल्या अंगाचा घाम उडत नसल्याने त्याला निववण्याची वाटच राहत नाही. कुंडातले पाणी मोठ्यांना सोसते, म्हणून तिला सोसेल असे नाही. शिवाय त्या पाण्याचे निर्जंतुकीकरण होत नाही. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून प्राणघातक आजार करतो. २०२४ मध्ये केरळात अशा आजाराने मुले दगावली. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, तथापि नाकात पाणी जाऊ न देणे अकरा महिन्यांच्या मुलीला शिकवता येत नाही.

गळ्यातले कडे कृपया दुकानात परत करावे. त्यात हवा कमी झाली किंवा बाळ घसरले, तर तोंड पाण्याखाली जाते, आणि गळ्यावर दाबही येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा कड्यांविषयी २०२२ मध्ये इशारा दिला आणि त्यात एका बाळाच्या मृत्यूची नोंद होती. दंडावरचे फुगे आणि बसायच्या रिंगा ही खेळणी आहेत. त्या घातलेल्या बाळावरूनही हात काढता येत नाही.

वज्रेश्वरीला अवश्य जावे, नातीला दर्शन घडवावे, आणि कुंडापाशी तिला कडेवरच ठेवावे. पाण्याची ओळख आपण घरीच करून द्या. गच्चीत सावलीला एक मोठी परात ठेवावी, तिच्यात चार बोटे कोमट पाणी घालावे, नातीला आत बसवून आपण शेजारी पाटावर बसावे आणि एक हात तिच्या पाठीशी ठेवावा. फोन घरात राहू द्यावा. खेळ संपला की तिला उचलण्याबरोबरच परातीतले पाणी झाडांना घालावे.